बारा सेकंदांवर अडकलेली ‘बाराखडी’

पत्र: नमस्कार. मी डिचोलीला राहते, फोंड्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. गेले तीन महिने दादाच्या जुन्या लॅपटॉपवर ‘डूम’ या जुन्या कॉम्प्युटर गेमची पहिली लेव्हल, ई१एम१, ‘अल्ट्रा-व्हायोलन्स’ या अवघड पातळीवर कमीत कमी वेळात संपवायला पळतेय. पहिल्या आठवड्यात पंधरा सेकंदांवरून बारावर आले आणि तिथेच रुतले. तिरकं धावायला शिकले, पण वेग कधी लागतो, कधी नाही. दरवाजा कधीकधी अर्धा उघडून तोंडावर बंद होतो. सरावात सगळं बरोबर बसतं, रेकॉर्डिंग लावलं की माउस अडखळतो. एक डेमो, म्हणजे धावेची रेकॉर्ड केलेली फाईल, मडगावच्या मित्राला पाठवला, तर त्याच्याकडे माझा मरीन (खेळातला माझा सैनिक) भिंतीला डोकं आपटत उभा! मित्र म्हणतो, तू काहीतरी बनवाबनवी केलीस. साडेचार हजारांचा मेकॅनिकल कीबोर्ड घेऊ का? भिंतीला घासून वेग वाढवतात, ते शिकू का? गणेश चवथीआधी ०:१० बघायचंय. आई म्हणते, “बारा सेकंदांचो खेळ आनी बारा वरां (तास) बसता!”
– बाराखडी, डिचोली

उत्तर:

बाराखडी, कीबोर्ड आत्ता घेऊ नकोस. भिंतीला घासून पळायचा नादही आत्ता नको. तुझा वेळ दुसरीकडेच गळतोय, आणि किती गळतोय ते पडद्यावर दिसतच नाही. आधी ते दिसायला हवं.

डूमचं घड्याळ सेकंदाला ३५ टिक चालतं. तुझी कळ, राक्षसाचं पाऊल, दरवाजाचं वर सरकणं, सगळं या टिकांच्या हिशेबात होतं. लेव्हल संपली की खेळ एकूण टिकांना ३५ने भागतो आणि बाकी टाकून देतो. ४२० टिकांत पोचलीस तरी ०:१२, ४५४ टिकांत पोचलीस तरी ०:१२. मधे चौतीस टिकांची तफावत. तू तीन महिन्यांत ४५० वरून ४२५ वर आली असशील, आणि पडदा मेला तोच बारा दाखवत बसला असेल. खेळात या लेव्हलची ‘पार’ (अपेक्षित) वेळ ३० सेकंदांची आहे. जगात कोणीतरी ०:०९ केलं ते १९९८मध्ये, आणि त्याचं ०:०८ व्हायला २०१९ उजाडलं. इथे माणसं सेकंदांनी नाही, टिकांनी पुढे सरकतात.

म्हणून आज पहिलं काम हे. डीएसडीए-डूम (डूम चालवायचा नवा प्रोग्रॅम, अशाला ‘पोर्ट’ म्हणतात) सुरू करताना जे पर्याय लिहितेस त्यात ‘लेव्हलस्टॅट’ जोड. खेळ एक साधी मजकुराची फाईल तयार करतो आणि तीत सेकंदाचे शतांशही लिहितो. १२.३४ दिसलं तर त्याला ३५ने गुण: ४३२ टिक. पडद्यावर ०:१० यायला ३८४ किंवा त्याहून कमी हवेत. म्हणजे अठ्ठेचाळीस टिक काढायचे आहेत. एका जागेवरून एवढे निघणार नाहीत, पण चार जागांवरून सहज निघतात. यापुढे वहीत सेकंद लिहायचे नाहीत, टिक लिहायचे.

सगळ्यात मोठी गळती टकरांची. डूममध्ये कळ दाबताक्षणी पूर्ण वेग मिळत नाही. दर टिकला थोडा जोर मिळतो आणि उरलेल्या वेगातला जवळपास दहावा भाग घर्षणात जातो. थांबलेल्या अवस्थेतून नव्वद टक्के वेग यायला तेवीस-चोवीस टिक लागतात. मार्ग न चुकता भिंतीवर एकदा आपटून पूर्ण थांबलीस, तर पुन्हा वेग पकडेपर्यंत सुमारे दहा टिक गेले. अशा तीन टकरा झाल्या की एक सेकंद जवळपास संपला. खेळताना ही टक्कर जाणवतसुद्धा नाही. हात पुढे दाबलेलाच असतो, पडदा क्षणभर अडतो आणि परत चालू लागतो.

कोपऱ्यावर माणसं का आपटतात त्याचं कारण खेळाच्या आतल्या मापात आहे. मरीन पडद्यावर गोलमटोल वाटला तरी खेळाच्या दृष्टीने तो ३२ बाय ३२ युनिटांचा चौकोन आहे, आणि तू कितीही वळलीस तरी तो चौकोन वळत नाही. सरळ भिंतीजवळून जाताना तुझा मध्यबिंदू भिंतीपासून १६ युनिटांवर येऊ शकतो. पण कोपऱ्याला तिरकं कापायला गेलीस की चौकोनाचं टोक आधी लागतं आणि मध्यापासूनचं अंतर साडेबावीसच्या पुढे ठेवावं लागतं. हिरव्या द्रवावरच्या त्या नागमोडी वाटेवर हाच हिशेब नडतो. सरळ पट्ट्यात जेवढं चिकटून जाता येतं, तेवढं चिकटून कोपरा कापू नकोस; अर्धं पाऊल बाहेरून घे. आणि वाटेवरून खाली द्रवात पडलीस तर ती खेप तिथेच सोड, वर चढून ती पुरी करण्यात सराव होत नाही.

आता तुझा दरवाजा. ‘अर्धा उघडून तोंडावर बंद होतो’ हे वाचलं तेव्हाच कळलं की तू स्पेस, म्हणजे ‘यूज’ची कळ, दोनदा दाबतेस. ‘लागली की नाही’ या धास्तीने सगळेच दाबतात. पण डूमच्या साध्या दरवाजाला उघडता उघडता पुन्हा ‘यूज’ मिळालं, की तो तिथूनच उलटा फिरून खाली यायला लागतो. खाली येत असताना तिसऱ्यांदा दाबलंस तर परत वर. म्हणजे दोनदा दाबणं ही खात्री नव्हे, दरवाजाला दिलेला उलटा हुकूम आहे. दाबून धरल्यानेही काही होत नाही, कारण खेळ बोट उचलून पुन्हा दाबल्याशिवाय दुसरा ‘यूज’ मोजत नाही. तेव्हा एकदाच दाबायचं, आणि दरवाजाच्या आवाजावर भरवसा ठेवायचा.

दरवाजा टिकला २ युनिट वर जातो. मरीनची उंची ५६. म्हणजे खालून निसटायला २८ टिक, जवळपास पाऊण सेकंद, जगातल्या कोणालाही लागतातच. ते कमी करता येत नाहीत. ते सुरू कधी करायचे एवढंच तुझ्या हातात आहे. ‘यूज’ची पोच तुझ्या मध्यापासून ६४ युनिट, आणि तीही तू ज्या दिशेला बघतेस त्याच दिशेला. भिंतीला चिकटून, म्हणजे १६ युनिटांवर दाबलंस तर ४८ युनिट फुकट चाललीस: दोन टिक. दर दरवाजाला दोन. आणि तिरकं धावताना तोंड दरवाजाकडे नसतं, बाजूला असतं. पंचेचाळीस अंश तिरकी असलीस तर सरळ समोरच्या दरवाजापर्यंतची खरी पोच ६४ वरून ४५ युनिटांवर येते. त्याहून वाईट म्हणजे नजर चौकटीशेजारच्या भिंतीवर असेल तर दरवाजा उघडतच नाही, मरीन ‘उंह’ असा हुंकार देतो. तो हुंकार ऐकू आला की समज: बोट वेळेवर होतं, तोंड चुकलं. दरवाजाच्या आधी चार-पाच टिक माउसने तोंड सरळ करून घे, दाब, मग पुढच्या वाटेच्या दिशेला वळून उभी राहा. ते २८ टिक वळण्यात खर्ची घातले की दरवाजानंतर वळायला लागत नाही.

हे अंगवळणी पडलं की पुढची पायरी. उघडणाऱ्या दरवाजाला नाक लावून उभी राहिलीस तर बाहेर पडताना वेग शून्य, म्हणजे वर सांगितलेले दहा टिक इथेही गेले. त्याऐवजी दाबल्याबरोबर मागे सरकून धावत परत आलीस, आणि बरोबर अठ्ठाविसाव्या टिकला दाराखाली पोचलीस, तर वेगासकट आत शिरतेस. दीडशे युनिटांचा धावता पट्टा मिळाला तर चौदा टिकांत तीन चतुर्थांश वेग लागतो. लवकर पोचलीस तर मात्र अर्धवट दरवाजावर आपटशील आणि उभं राहिल्यापेक्षा जास्त गमावशील. म्हणून हे पहिल्या आठवड्यात नको. शेवटच्या स्विचला मात्र लगेच करण्यासारखं एक आहे: लेव्हल स्विच दाबल्या टिकला संपते, त्यामुळे तिथे भिंतीपर्यंत जायचंच नाही. तोंड सरळ, ६४ युनिटांवरून दाब. दोन टिक फुकटचे.

आता तिरकं धावणं. ‘वेग कधी लागतो, कधी नाही’ याचं उत्तर चार आकड्यांत आहे. धावताना पुढे जाण्याचा जोर ५०, बाजूला सरकण्याचा ४०. दोन्ही एकदम दाबले की काटकोन त्रिकोणाच्या कर्णाइतका जोर मिळतो, ६४. साध्या धावण्यापेक्षा २८ टक्के जास्त. याला एसआर४० म्हणतात, आणि हे तुला जमतंय. दुसरा प्रकार एसआर५०: बाजूचा जोरही ५० वर न्यायचा, मग कर्ण ७०.७ होतो, म्हणजे ४१ टक्के जास्त. बाजूचा आकडा ४० वरून ५० वर नेण्यासाठी एकाच बाजूला सरकायचे दोन हुकूम एकदम द्यावे लागतात: एक नेहमीची ‘स्ट्रेफ’ (बाजूला सरकायची) कळ, आणि दुसरी ‘स्ट्रेफ ऑन’ धरून वळण्याची कळ; ‘स्ट्रेफ ऑन’ धरलं की वळण्याची कळही बाजूला सरकवते. ४० आणि ४० मिळून ८० होतात, पण खेळ ५० च्या वर जाऊ देत नाही.

यातली मेख अशी की ‘स्ट्रेफ ऑन’ धरलेलं असताना माउस आडवा हलवला तर मरीन वळत नाही, बाजूला सरकतो. म्हणजे एसआर५० मध्ये वळता येत नाही. म्हणून सरळ पट्ट्यात एसआर५०, वळणावर ‘स्ट्रेफ ऑन’ सोडून एसआर४०, पुन्हा सरळ झालं की एसआर५०. ई१एम१ मध्ये वळणं इतकी आहेत की सतत एसआर५०च्या मागे लागलीस तर नागमोडी वाटेवर भिंती चाटत जाशील आणि मिळवलेलं सगळं टकरांत घालवशील. तुझ्या पातळीला सगळीकडे स्वच्छ एसआर४० आणि दोन लांब पट्ट्यांत एसआर५० एवढं पुरे. काही पोर्टांत ‘वळतानाही स्ट्रेफ५०’ असा तयार पर्याय असतो. तो नियमित डेमोत चालत नाही, त्याला हात लावू नकोस. डीएसडीए-डूममध्ये ‘स्ट्रिक्ट मोड’ चालू ठेव, विक्रमाच्या डेमोत न चालणाऱ्या बऱ्याच सोयी तो आपण होऊन बंद करतो.

इथे कीबोर्डचा प्रश्न येतो. एसआर५० ला पुढे, बाजू, वळण, ‘स्ट्रेफ ऑन’ आणि धाव अशा पाच कळा एकदम धरलेल्या लागतात. स्वस्त कीबोर्डात आणि बहुतेक लॅपटॉपांत कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. एकाच चौकोनात येणाऱ्या तीन कळा दाबल्या की चौथी खरी की भास, हे जाळीला ओळखता येत नाही, म्हणून कीबोर्ड एखादी कळ गिळून टाकतो. कोणती गिळतो ते जाळीच्या रचनेवर, त्यामुळे एक जोडी चालते आणि शेजारची नाही. तुझा वेग ‘कधी लागतो’ तो बहुधा यामुळेच, आणि यावरचा पहिला उपाय फुकट आहे: कळा बदल.

डीएसडीए-डूममध्ये कमांड डिस्प्ले चालू कर. पडद्याच्या कोपऱ्यात दर टिकचे पुढचे आणि बाजूचे आकडे दिसतात. उभ्या जागी सगळ्या कळा धर आणि बाजूचा आकडा बघ. ५० दिसला तर कीबोर्ड निर्दोष आहे. ४० वर अडला तर एक कळ गिळली गेली. मग अशी मांडणी करून बघ: धाव कायमची चालू ठेव, म्हणजे शिफ्ट सुटली. ‘स्ट्रेफ ऑन’ माउसच्या उजव्या बटणावर ने, म्हणजे ऑल्ट सुटली. ऑल्ट आणि स्पेस एकदम दाबल्यावर विंडोजचा मेनू उघडून खेप वाया जाण्याची भीतीही गेली. उजवीकडे वळायची कळ ‘एफ’वर ठेव. ‘डी’ आणि ‘एफ’ शेजारी असल्याने एकाच तर्जनीच्या पेराखाली दोन्ही दाबल्या जातात. डावीकडची ‘ए’ आणि ‘क्यू’ याच न्यायाने अनामिकेखाली. आता कीबोर्डवर एकदम फक्त तीन कळा उरल्या, त्या जवळपास कुठलाही लॅपटॉप झेपवतो. एवढं करूनही आकडा ४० वरच राहिला, तरच एन-की रोलओव्हर (कितीही कळा एकदम ओळखणारा) असं स्पष्ट लिहिलेला कीबोर्ड बघ. ‘मेकॅनिकल’ हा शब्द त्याची हमी नव्हे, आणि दिवे लागणं तर मुळीच नव्हे.

वळायला कळा वापरत असशील तर त्याही सोड, त्या फक्त एसआर५० साठी. कळेने वळताना पहिले काही टिक खेळ मुद्दाम हळू वळवतो, नंतर टिकला सात अंश. काटकोनात वळायला अर्धा सेकंद जातो. माउसने तेच तीन-चार टिकांत होतं.

रेकॉर्डिंगमध्ये माउस अडखळतो ते तुझ्या हाताचं काम नाही, फाईलचं आहे. जुन्या डूमच्या डेमोत वळणासाठी दर टिकला एकच बाइट असतो, म्हणून पूर्ण वर्तुळाचे २५६ च भाग पडतात. एक भाग म्हणजे १.४ अंश. सरावात खेळ याहून कितीतरी बारीक वळू देतो, रेकॉर्ड लावलं की जवळच्या भागावर नेऊन बसवतो. हजार युनिटांच्या पट्ट्यात १.४ अंशांची चूक टोकाला २४ युनिटांची होते, आणि दरवाजाची चौकट चुकायला तेवढी पुरते. उपाय सोपा: सरावालाही ‘शॉर्टटिक्स’ पर्याय लाव, म्हणजे दोन्हीकडे हात एकच शिकेल. विंडोजच्या माउस सेटिंगमधली ‘पॉइंटर प्रिसिजन’ची खूणही काढून टाक, ती हाताच्या वेगानुसार अंतर बदलते.

आणि जून ते सप्टेंबर माउसच्या खालचं कापडही बघत जा. आपल्याकडच्या दमट हवेत कापडी मॅट ओल धरते, सकाळी माउस ज्या जोराने सरकतो त्या जोराने संध्याकाळी सरकत नाही. बसण्याआधी दहा मिनिटं पंख्याखाली वाळव, माउसच्या पायांवरचा चिकटा कोरड्या फडक्याने पूस, तळहात पुसायला टॉवेल जवळ ठेव. विजा चमकायला लागल्या की चार्जर काढतेस ते योग्यच. पण बॅटरीवर गेल्यावर लॅपटॉप आपोआप मंद होतो, तेव्हा पॉवरचा पर्याय पूर्ण क्षमतेवर टाक किंवा त्या वेळेत फक्त जुने डेमो बघ.

भिंतीला घासून पळणं थोडक्यात सांगतो, म्हणजे मनातून जाईल. एका टिकला १५ युनिटांहून जास्त सरकायचं असेल तर खेळ ती हालचाल दोन तुकड्यांत करतो. भिंत लागली की प्रत्येक तुकडा पुन्हा पूर्ण वेगाने घसरतो, म्हणून दुप्पट पळाल्यासारखं होतं. पण तुकडे करायचे की नाही हे तपासणाऱ्या ओळीत फक्त धन दिशा बघितली आहे, ऋण नाही. त्यामुळे हे उत्तरेला आणि पूर्वेला जाताना साधतं, दक्षिणेला आणि पश्चिमेला कितीही घासलंस तरी काही नाही. डूम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९७मध्ये मूळ कोड खुला केला, तेव्हापासून ती ओळ कोणालाही वाचता येते. यात भिंतीशी कोन आणि अंतर चुकलं की वेग वाढायच्या ऐवजी साधी टक्कर होते, आणि टकरांचा हिशेब तुझा अजून चुकता व्हायचाय. ०:१० झालं की मग बघू.

राक्षसांबद्दल एकच. गोळी झाडू नकोस. पिस्तुलाचा आवाज जोडलेल्या खोल्यांतून पसरतो आणि जे झोंबी तुला पाहून जागे झाले नसते तेही वाटेत येऊन उभे राहतात. झोंबीच्या मध्यापासून निदान ३६ युनिट बाजूने गेलीस तर अडत नाहीस. तो ‘नशिबाने’ मधे आला असं मात्र म्हणू नकोस. डूमचं नशीब म्हणजे २५६ आकड्यांचा एक ठरलेला तक्ता आहे, आणि रेकॉर्डिंग सुरू होताना खेळ दर वेळी त्याच्या त्याच जागेवरून वाचायला लागतो. तू प्रत्येक टिकला हुबेहूब तेच केलंस तर झोंबीही हुबेहूब तेच करेल. एक टिक इकडे-तिकडे झाला की पुढचं सगळं बदलतं. म्हणून सुरुवातीचे पहिले दोन सेकंद एकाच पद्धतीने बसव. वाटेतली माणसं मग पुष्कळदा ओळखीच्या जागी भेटतात.

सराव असा कर. आधी तुझा सगळ्यात चांगला डेमो खेळाचा वेग कमी करून बघ, कमांड डिस्प्ले लावून. प्रत्येक टिकमध्ये चारच गोष्टी असतात: पुढे, बाजू, वळण, बटण. ५०, ५०, ०, ० दिसलं की तो टिक सोन्याचा. बाजूच्या रकान्यात शून्य दिसलं की त्या टिकला तू सरळ धावलीस. वेगाची कळ धरलेली असूनही पडदा सरकत नसेल ती टक्कर. आणि दरवाजापाशी ‘यूज’ दोनदा दिसला तर तो वर सांगितलेला उलटा हुकूम. तीन जागा निवड, वहीत टिक लिही. मग रेकॉर्डिंग न लावता त्या जागेआधी सेव्ह करून तेवढाच तुकडा घोट. रेकॉर्डमध्ये सेव्ह चालत नाही, सरावात बेलाशक चालतो. तुकडा दहापैकी सात वेळा बसला की पूर्ण खेपा.

पूर्ण खेपा रोज चाळीस, बस. रीस्टार्टची कळ जवळ बांधून ठेव. सुरुवातीलाच चुकलं की दाब. बारा सेकंदांची खेप आणि मधले तीन सेकंद धरले तर चाळीस खेपांना दहा मिनिटं होतात. डेमो बघायला पंधरा, तुकड्यांना वीस. पाऊण तासात उठायचं. आईला हा हिशेब दाखव. बारा वरां नव्हे, पाऊण वर. मनगटालाही तेवढंच झेपतं, अंगठा किंवा करंगळी दुखायला लागली तर चाळीसही नको.

राहिला मडगावचा मित्र. तू काही बनवाबनवी केलेली नाहीस. डेमो म्हणजे चित्रफीत नव्हे. त्यात मरीन कुठे होता हे लिहिलेलंच नसतं, फक्त दाबलेल्या कळा असतात. मित्राचा खेळ त्या कळा पहिल्यापासून पुन्हा ‘दाबतो’. त्याच्याकडे वॅड फाईल (जीत खेळाच्या लेव्हल असतात) वेगळी असेल, मॉड (खेळात बदल करणारी भर) चढवलेला असेल, किंवा कॉम्पलेव्हल (डूमच्या कोणत्या आवृत्तीसारखं वागायचं ती सेटिंग) वेगळी असेल, तर एखादा झोंबी वेगळा वागतो, मरीन दोन युनिट सरकतो, आणि तुझ्या पुढच्या सगळ्या कळा भिंतीवर पडतात. त्याला सांग: मॉड काढ, जीझेडडूम हा दुसरा पोर्ट नको, डीएसडीए-डूम घे. तू फुकटच्या शेअरवेअर भागावर पळत असशील तर कॉम्पलेव्हल २, ‘अल्टिमेट डूम’वर पळत असशील तर ३. डेमोसोबत एक छोटी मजकूर-फाईल द्यायची रीतच आहे: कोणती वॅड, कोणता पोर्ट, कोणती आवृत्ती, स्किल ४ (म्हणजे अल्ट्रा-व्हायोलन्स, थोडक्यात यूव्ही), वर्ग यूव्ही स्पीड, वेळ. पुढे डीएसडीए या डूमच्या धावांच्या संग्रहात पाठवायचा झाला तरी हेच लागतं. गोळी न झाडता, कोणालाही इजा न करता पळालीस तर ‘पॅसिफिस्ट’ वर्गातही तोच डेमो बसतो, तेही लिही.

आणि पाठवायला आळस नको. सुरुवातीची माहिती १३ बाइट, मग टिकला ४ प्रमाणे ३८४ टिकांचे १,५३६, शेवटची खूण १. पोर्ट आपली चार ओळी माहिती शेवटी जोडतो तेवढीच भर. तुझी अख्खी दहा सेकंदांची धाव दोन-अडीच केबीच्या आत बसेल. भर पावसात डिचोलीला नेटची एकच काडी असली तरी ती मडगावला पोचते.